टोपली उचलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

शर्यतीच्या कबुतरांचा नवा हंगाम जवळ आला की पाळणाऱ्यांमध्ये हमखास एक प्रश्न निघतो: सराव, म्हणजे पक्षी टोपलीतून दूर नेऊन घरी परतायला सोडणं, किती किलोमीटरपासून सुरू करायचा? त्याचं उत्तर मी देणार आहे, पण थोडं थांबून. कारण पक्षी पिसं टाकत असतो, तेव्हाच पुढच्या हंगामाचं बरंचसं ठरून गेलेलं असतं.

कबुतराच्या प्रत्येक पंखात टोकाकडे १० मोठी पिसं असतात. हवा कापत पुढे जाण्याचं काम मुख्यतः त्यांचंच. वर्षातून एकदा ती बदलतात; आतल्या पहिल्या पिसापासून सुरुवात होते आणि बाहेरचं दहावं सगळ्यात शेवटी गळतं. एकामागून एक गळत असल्यामुळे पक्ष्याचं उडणं बंद पडत नाही, पण हे सगळं पुरं व्हायला काही महिने लागतात. वाढत्या पिसाच्या दांडीत रक्त खेळत असतं. त्या दिवसांत पक्षी आजारी पडला, उपाशी राहिला किंवा फार घाबरला, तर पिसावर आडवी बारीक रेघ उमटते. तिथे पीस कमजोर राहतं आणि ताण पडला की नेमकं तिथेच मोडतं. मोडलेलं पीस पुढच्या वर्षीच्या बदलापर्यंत तसंच राहतं. म्हणून शर्यतीसाठी पक्षी निवडताना त्याचा पंख हळूच उलगडा, उजेडासमोर धरा आणि दहाही पिसं एकेक करून बघा. वंशावळीचा कागद नंतर वाचला तरी चालेल.

पिसं येत असताना चाऱ्यात वाटाण्यासारखं कडधान्य आणि थोड्या तेलबिया हव्यात. अंघोळीला उथळ भांड्यात पाणी ठेवा. या काळात जोड्या लावण्याची घाई करू नका; पिल्लं भरवणं आणि पिसं घडवणं ही दोन्ही ओझी एका शरीरावर एकदम टाकणं अन्यायाचं आहे.

आता तब्येत. कँकर नावाचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. पाण्याच्या भांड्यातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि आईबाप पिल्लांना भरवतात त्यातूनही पसरतो. घशात पिवळसर, चिकट थर दिसला तर रोग बराच पुढे गेलेला असतो; मात्र असा थर नसतानाही तो अंगात असू शकतो आणि उडण्याचा दम कमी करतो. आतड्यातल्या जंतांचं आणि कॉक्सिडिया या तिथल्याच सूक्ष्म परजीवीचंही तसंच. हंगामापूर्वी विष्ठेचा आणि घशाचा नमुना पशुवैद्याकडून तपासून घ्या आणि जे सापडेल त्यावरच औषध द्या. दर थोड्या दिवसांनी पाण्यात अँटिबायोटिक टाकत राहण्याची सवय मला अतिशय घातक वाटते. जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि खरी गरज पडते तेव्हा हाती काहीच उरत नाही. पॅरामिक्सो विषाणूची लसही सराव सुरू होण्याच्या काही आठवडे आधी टोचलेली असावी.

इथेच पाळणाऱ्याच्या तब्येतीबद्दल एक विनंती करतो. ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं, झाडताना तोंडाला चांगला मास्क लावा. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने वर्षानुवर्षं कबुतरं पाळणाऱ्यांच्या फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. कोरडी, हवेशीर आणि दाटी नसलेली ढाबळ पक्ष्यांनाही मानवते आणि आपल्यालाही.

पक्षी सुदृढ आहेत, पंख भरले आहेत, तरी टोपली अजून उचलायची नाही. आधी घराभोवतीचं उडणं. थवा उपाशीपोटी बाहेर सोडावा, भरपूर उडू द्यावा आणि शिट्टी वाजली किंवा डब्यातले दाणे खुळखुळले की तो थेट आत यावा. आत आल्यावरच दाणे. ही शिस्त शर्यतीत फार मोलाची असते. पक्षी आत येऊन वेळेची नोंद होईपर्यंत त्याची शर्यत संपत नाही, आणि छपरावर रेंगाळलेला पक्षी हवेत कमावलेली मिनिटं तिथे घालवून बसतो. प्रत्येक ढाबळीचं अंतर वेगळं, म्हणून निकाल मिनिटाला किती मीटर या वेगावर लागतो. मिनिटाला १२०० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. अशा हिशेबात छपरावरचं एक मिनिटसुद्धा भारी पडतं.

तरुण पक्षी सुरुवातीला डोक्यावरच घिरट्या घालतात. मग एक दिवस थवा दिसेनासा होतो आणि बऱ्याच वेळाने भलत्याच दिशेने परत येतो. मी त्या दिवसाची वाट बघायला सांगतो. तोवर सराव सुरू करू नये.

आपण त्यांना नेमकं काय शिकवतो, हे समजून घेणं इथे उपयोगाचं आहे. दिशा ओळखण्याची शक्ती पक्षी स्वतःच घेऊन येतो. कृत्रिम उजेडात ठेवून कबुतराचं आतलं घड्याळ ६ तासांनी सरकवलं, तर उन्हात सोडल्यावर ते घराच्या दिशेपासून सुमारे ९० अंश चुकतं; म्हणजे सूर्य त्याचं होकायंत्र आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत विल्यम कीटन यांनी कबुतरांच्या पाठीवर लहान चुंबक बांधून पाहिले. उन्हात ती बिनचूक निघाली, पण ढगाळ दिवशी पुष्कळशी गोंधळली. इटलीत फ्लोरियानो पापी यांनी वासाचं महत्त्व दाखवलं. २००४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना असं आढळलं, की एकाच जागेवरून वारंवार सोडलेलं कबुतर स्वतःचा एक रस्ता ठरवतं आणि तो जवळचा नसला तरी त्यालाच धरून राहतं. यावरून माझं मत असं, की एकाच मैदानातून रोज पक्षी सोडण्यात फारसा अर्थ नाही. शर्यतीच्या दिशेतल्या वेगवेगळ्या जागा निवडा. सरावातून आपण देतो तो दम, आत्मविश्वास आणि टोपलीची सवय.

आता अंतराचं. पहिल्यांदा ५ किलोमीटर, मग १०, २०, ४० आणि पुढे ६० ते ८०. मागच्या अंतरावरून थवा वेळेत आणि ताजातवाना परतला तरच पुढचं अंतर घ्या. आधी सगळे एकत्र सोडा, नंतर लहान गट आणि काही वेळा एकेकटा, म्हणजे पक्षी दुसऱ्याच्या मागे जाण्याऐवजी स्वतः निर्णय घेतो. गाडीतून उतरवल्या उतरवल्या टोपलीचं दार उघडू नका. त्यांना थोडा वेळ आकाश बघू द्या. धुकं, पाऊस किंवा गडगडाट असेल तर टोपली तशीच घरी परत आणा. पेट्रोल वाया गेल्याचं दुःख करू नका. ससाण्यांचा वावर असलेली जागा आणि वेळही टाळा.

टोपलीच्या बाहेर लावलेल्या भांड्यातून पाणी प्यायलाही शिकवावं लागतं. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि पहिल्याच मुक्कामाच्या प्रवासात तरुण पक्षी समोर पाणी असून तहानलेले राहतात. हंगामापूर्वी दोन-तीन रात्री घरीच टोपलीत ठेवा, दाणे घाला आणि बाहेर पाणी लावा. एकाने मान बाहेर काढली की बाकीचे बघून शिकतात.

चाऱ्याचं प्रमाण एका पक्ष्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम. हलक्या सरावात जव जास्त असू द्या. अंतर वाढेल तसा मका आणि करडईसारख्या तेलबिया वाढवा, कारण लांबच्या उड्डाणात कबुतराचं शरीर मुख्यतः चरबी जाळतं.

आणि सरावातून एखादं कबुतर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी परतलं, तर त्याला लगेच नापास करू नका. आधी पाणी द्या, मग हलका चारा, आणि पक्षी शांत झाल्यावर हातात घेऊन छाती, पाय आणि पंखाखालची बाजू तपासा. तारेला धडकल्याची किंवा ससाण्याच्या नखांची जखम पिसांखाली झाकलेली असते. जखम असेल तर ती पुरती भरेपर्यंत विश्रांती द्या. जखम नसेल, तर काही दिवसांनी पुन्हा १० किलोमीटरपासून सुरुवात करा.