बर्फाने खणलेलं तळं

श्रोतेहो, नमस्कार. श्रावणात ब्रह्मगिरीच्या फेरीला जाता तेव्हा कड्याकड्यावरून पाणी कोसळताना दिसतं. पण डोंगराच्या कुशीत त्याचं मोठं तळं काही होत नाही. आपल्याकडे पाणी अडवलं तरच थांबतं. गंगापूर घ्या, दारणा घ्या, सगळी धरणंच.

आज ज्या तळ्याबद्दल सांगणार आहे, ते कुणी बांधलेलं नाही. चेकियातल्या शुमावा डोंगररांगेत, 1008 मीटर उंचीवर, स्प्रूसच्या दाट जंगलात चेर्ने येझेरो आहे. जेमतेम 18 हेक्टरचं, पण खोली सुमारे 40 मीटर. तेरा मजली इमारत सहज बुडेल!

हे खणलं बर्फाने. हिमयुगात पश्चिमेचा वारा माथ्यावरचा बर्फ उडवून डोंगराच्या पूर्वेकडच्या आडोशाला आणून टाकायचा. तिथे तो उन्हाळ्यातही पुरता वितळत नसे. थरावर थर चढले, दाबाने घट्ट झाले आणि तो सगळा गठ्ठा स्वतःच्याच वजनाने सरकू लागला.

खरी गंमत पुढे आहे. पाणी वाहतं ते उताराकडेच. बर्फाला मात्र मागून रेटा असतो, त्यामुळे खड्ड्यात उतरलेला बर्फ पुढचा चढही चढून जातो. जाताना पोटात अडकलेल्या दगडांनी तळ खरवडतो, मागच्या कड्याचे कपचे उपटून नेतो. म्हणून खड्डा तोंडापेक्षा आत जास्त खोल होतो. असं हिमगव्हर तयार झालं. उकरलेला राडारोडा तोंडाशी साचला, तो हिमोढ. बर्फ वितळला आणि या बांधामागे पाणी साठलं. मागे अजून येझेर्नी होराचा कडा उभा आहे, माथा 1343 मीटरवर.

याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला चेर्तोवो येझेरो आहे, तेही हिमनदीनेच कोरलेलं. पहिल्याचं पाणी एल्बे नदीतून उत्तर समुद्राला मिळतं, दुसऱ्याचं डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. त्र्यंबकच्या डोंगरातून गोदावरी पूर्वेला आणि वैतरणा पश्चिमेला गेलेली पाहणाऱ्या नाशिककरांना याचं काय नवल म्हणा!

विसाव्या शतकात आम्लपावसाने चेर्ने येझेरोतले मासे संपले. तळाशी उगवणारी आयसोएटिस ही गवतासारखी दिसणारी वनस्पती मात्र तगली. तिच्या भाऊबंद जाती पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर, पाचगणीच्या पठारावर, साचलेल्या पाण्यात उगवतात. तिथे हिमनदी कधी आलीच नव्हती.