तीन महिन्यांची शपथ

(दृश्य: डब्लिन. लिफी नदीवरचा पूल. पुलाजवळचा पुतळा.)

आयर्लंडच्या राजधानीतल्या या पुलाला मॅट टॅल्बट या मजुराचं नाव दिलेलं आहे. पुतळाही त्याचाच. मॅटचा जन्म १८५६ चा. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला. तिथेच पहिला घोट पोटात गेला. पुढे बंदरातल्या व्हिस्कीच्या गोदामात नोकरी. पगार दारूत जायचा, पगार संपला की उधारी, उधारी बंद झाली की अंगावरचे कपडे आणि पायातले बूट गहाण. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्या एका वादकाचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, चोरून विकलं आणि त्याची दारू प्यायली.

(दृश्य: संध्याकाळ. पबचं दार उघडतं, मिटतं. आतला पिवळा उजेड फुटपाथवर.)

१८८४. शनिवार. आठवडाभर काम केलेलं नाही म्हणून हातात दमडी नाही. मॅट पबच्या बाहेर उभा आहे. ज्यांना त्याने आजवर पाजली, ते एकेक करून समोरून आत जातात. ‘चल’ म्हणत कुणी त्याला बोलवत नाही. तो घरी येतो आणि आईला सांगतो, मी दारू सोडण्याची शपथ घ्यायला चाललो. आईचं उत्तर थेट होतं: देवाचं नाव घेऊन जा, पण पाळणार असशील तरच शपथ घे.

(दृश्य: क्लॉनलिफ इथल्या होली क्रॉस कॉलेजची इमारत. लांब ओसरी.)

या इमारतीत त्याने धर्मगुरूंसमोर शपथ घेतली. मुदत तीन महिने. ती पुरी झाली तेव्हा सहा महिने, आणि त्यानंतर जन्मभर. हा क्रम फार शहाणपणाचा आहे. उत्साहाच्या भरात ‘आता कधीच नाही’ म्हणणारा माणूस आठव्या दिवशी घसरला की त्याच्या लेखी सगळंच संपतं. तीन महिन्यांचा शेवट डोळ्यांना दिसतो. त्या दिवशी पुन्हा धर्मगुरूंकडे जायचं असतं, म्हणजे हिशेब विचारणारं कुणीतरी असतं.

शपथेबरोबर त्याने त्याच दिवशी पापनिवेदन केलं, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापांची कबुली दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकरी, स्वीकारलं. लपवालपवी हा व्यसनाचा मोठा आधार असतो. किती प्यायलो, कुणाचे पैसे घेतले, घरी काय सांगितलं, हे एकदा तोंडाने, दुसऱ्या माणसासमोर, मोठ्याने म्हटलं की तो आधार निखळतो. धर्मगुरू ते कुणालाही सांगू शकत नाहीत, म्हणून बोलणाऱ्याची जीभ सुटते.

(दृश्य: पहाटेचा अंधार. चर्चच्या पायऱ्या. मेणबत्ती पेटते.)

आता त्याचा दिवस पाहा, कारण खरं काम इथे झालं. कामाला लागण्याआधी मिस्सा, रोज. संध्याकाळी काम सुटलं की थेट चर्च, तेही दूरचं, म्हणजे वाटेवर ओळखीचे पब लागू नयेत. पिणाऱ्याचा सगळ्यात अवघड तास काम सुटल्यानंतरचा. पोट रिकामं, अंग थकलेलं, सोबती हाका मारतायत. तलफ चढते, शिगेला पोचते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास कुठे आणि काय करत घालवायचा, हे तलफ येण्याआधी ठरलेलं हवं. रोझरी म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना. तिच्या दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्या धरल्या, तर सुरुवातीच्या तीन मिळून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना ५३ वेळा येते, आणि घाई न करता म्हटलं तर वीसेक मिनिटं जातात. ओठ, बोटं आणि मन तिन्ही कामाला लागतात. प्रार्थनेच्या सामर्थ्यावर आमची श्रद्धा आहे. तिची वेळ आणि जागा रोज तीच ठेवली, तर अडचणीच्या क्षणी ती शोधत बसावं लागत नाही, हेही तितकंच खरं.

(दृश्य: एक हात. कोटाचा खिसा उलटा होतो. रिकामा.)

हा खिसा नीट बघा. शपथेनंतर एकदा पाय वळलेच, मॅट पबमध्ये शिरला. त्याचे चरित्रकार सांगतात की नोकर इतर गिऱ्हाइकांत गुंतला होता, याच्याकडे कुणी बघितलंच नाही, आणि तो तसाच बाहेर पडून चर्चमध्ये जाऊन बसला. त्यानंतर त्याने खिशात पैसे बाळगणं बंद केलं. पुढच्या वेळीही नोकर गुंतलेला असेल, हे त्याने गृहीत धरलं नाही. बायबलमध्ये संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याचं फळ सांगितलं आहे आणि त्या यादीत इंद्रियदमन सगळ्यात शेवटी येतं. फळ धरायला वेळ लागतो, आणि तोवर कुंपण लागतं. रिकामा खिसा हे मॅटचं कुंपण होतं.

(दृश्य: फिडलच्या तारा, अगदी जवळून.)

मग देणी. कॅथोलिक शिकवणीत चोरीची क्षमा मिळाली तरी वस्तू परत करण्याची जबाबदारी उरतेच. पबवाल्यांची, ओळखीच्यांची उधारी त्याने फेडली. फिडलवाल्याला डब्लिनभर शोधलं. तो सापडला नाही, तेव्हा तेवढे पैसे चर्चला देऊन त्याच्यासाठी मिस्सा म्हणवून घेतली. घेणेकरी चुकवत आडवाटेने फिरणाऱ्याच्या मनातली शरम त्याला पुन्हा ग्लासाकडे नेते. कर्ज फिटलं की सरळ रस्त्याने चालता येतं.

(दृश्य: रुग्णालयातली खाट. सलाईनची नळी. थरथरणारी बोटं.)

जुन्या, रोजच्या पिणाऱ्याने घरी एकट्याने अचानक दारू तोडू नये. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, ४८ तासांच्या आत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, ताप, छातीत धडधड अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. हे डॉक्टरांचं काम. ते झटके टाळणारी औषधं देतात, आणि थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व, भरून काढतात. औषध घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. मिस्सेतल्या द्राक्षारसाचीही चिंता नको. केवळ भाकरीच्या रूपात घेतलं तरी ख्रिस्त पूर्ण मिळतो, ही चर्चचीच शिकवण आहे.

(दृश्य: ग्रॅनबी लेन. मग अवर लेडी ऑफ लूर्ड्‌स चर्चमधली समाधी.)

पहिली सात वर्षं फार कठीण गेली. दारूशिवाय चाळीस वर्षं. ७ जून १९२५ ला मिस्सेला जाताना याच गल्लीत तो कोसळला आणि गेला. १९७५ मध्ये व्हॅटिकनने त्याला ‘व्हेनरेबल’ घोषित केलं. संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे.

(दृश्य: समाधीसमोर गुडघे टेकलेली माणसं. चेहरे दाखवलेले नाहीत.)

इथे येणाऱ्यांत शपथ मोडलेलेही असतात. मोडली तर पुढच्या रविवारची वाट बघू नये, त्याच दिवशी धर्मगुरूंकडे किंवा भरवशाच्या माणसाकडे जावं. जाताना चार गोष्टी आठवून जाव्यात: किती वाजले होते, खिशात किती पैसे होते, बरोबर कोण होतं, जेवण झालं होतं का. शपथ पुन्हा घ्यावी, मुदत या वेळी कमी करून. महिना जड वाटला तर आठवडा, आठवडा जड वाटला तर उद्या सकाळच्या मिस्सेपर्यंत. आणि ज्या रस्त्याने पाय घसरला, तो रस्ता दुसऱ्या दिवसापासून बदलावा.