उभी गाडी, धावती गाडी

पडद्यावर दाखवलेल्या या छायाचित्रातली मोटारसायकल ताम्हिणी घाटातून ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, यावर चित्र पाहून कोणाचाही विश्वास बसणार नाही. कॅमेऱ्याचे शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले. तेवढ्या अवधीत गाडी दोन सेंटिमीटरही पुढे सरकली नाही, चाक जेमतेम तीन अंश फिरले आणि चित्र इतके स्वच्छ आले की गाडी चक्क स्टँडवर लावलेली वाटते.

आता पुढच्या छायाचित्रातली ही सायकल पाहा. कॅमेरा स्थिर आहे आणि शटर सेकंदाच्या साठाव्या भागाएवढे उघडे होते. चाकाच्या माथ्याकडचे स्पोक पार पुसले गेले आहेत, जमिनीलगतचे मात्र बऱ्यापैकी ओळखू येतात. धावत्या चाकाचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो, तर माथा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. एरवी डोळ्यांना न जाणवणारा हा फरक शटरने नेमका पकडला आहे.

गाडी स्पष्ट आणि रस्ता पुसट हवा असेल, तर शटर संथ ठेवून पॅनिंग करण्याला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवण्याला, पर्याय नाही. जिथे शटर दाबायचे त्या दिशेला पाय रोवून, कमरेतून वळत, गाडी दुरून येताना दिसल्यापासून ती पुढे निघून जाईपर्यंत कॅमेरा तिच्याबरोबर फिरवत राहावे लागते. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी १० मीटरवरून टिपायची असेल, तर ती अगदी समोर आल्यावर कॅमेऱ्याला सेकंदाला सुमारे ९५ अंशांची गती लागते. २० मीटर अंतरावर ती निम्म्यावर येते. नवशिक्याने रस्त्यापासून लांब उभे राहावे ते म्हणूनच. वळणाच्या बाहेरच्या कडेला तर कोणीच उभे राहू नये, कारण घसरलेली गाडी तिकडेच येते. भर उन्हात एवढ्या संथ शटरने चित्र पांढरे पडते आणि एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, भिंगावर लावावा लागतो. आपल्याकडच्या पावसाळी, ढगाळ उजेडात ते काम आभाळच करते.

फ्रान्सचे छायाचित्रकार जॅक आंरी लार्तिग यांनी ऐन तारुण्यात, ग्राँ प्री मोटारशर्यतीत टिपलेल्या एका छायाचित्रात गाडीचे नाक चौकटीबाहेर गेले आहे, चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि प्रेक्षक मागे कलले आहेत. त्यांच्या कॅमेऱ्यातल्या पडदा-शटरची फट काचेच्या प्लेटवरून सरकत असे, त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी आणि वरचा नंतर उमटला. लार्तिग कॅमेरा फिरवत होते, पण गाडीपेक्षा हळू. म्हणून गाडी एकीकडे आणि माणसे दुसरीकडे तिरकी झाली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ मध्ये लार्तिग यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. माझ्या मते वेगाचे याहून बोलके चित्र क्वचितच सापडेल, आणि तांत्रिकदृष्ट्या ते सदोष आहे.

आजच्या मोबाइलमधला सेन्सरही दृश्य एकदम न वाचता ओळीओळीने वाचतो. धावत्या रेल्वेच्या खिडकीतून मोबाइल आडवा धरून टिपलेले विजेचे खांब तिरके येतात ते याच कारणाने. तोच मोबाइल उभा धरला की वाचनाच्या ओळी खांबांना समांतर होतात. मग खांब सरळ उभे राहतात, फक्त गाडीच्या दिशेनुसार जाड किंवा बारीक दिसतात.