भिंतीवरचा उजेड

[दृश्य : अंधारी लहान खोली. डाव्या भिंतीवरचा पितळी दिवा लागतो.]

दहा फूट बाय नऊ फुटांची ही खोली. एक पलंग, एक खुर्ची, पुस्तकांचं एक कपाट. मघाशी छताच्या मधोमध पांढरा दिवा लागलेला होता, तेव्हा ती एका नजरेत संपत होती. आता छताचा दिवा बंद आहे. उजेड येतोय तो फक्त भिंतीवरच्या या जुन्या पितळी दिव्यातून. खोली तेवढीच आहे, पण समोरचा कोपरा मागे सरकल्यासारखा वाटतोय.

छताच्या दिव्याचा उजेड बराचसा खाली पडतो, जमिनीवर आणि टेबलावर. कोपरे काळोखे राहतात. खोली केवढी हे मात्र आपल्याला कळतं ते भिंतींवरून. भिंत वरपासून खालपर्यंत उजळली की नजर तिच्यापर्यंत जाऊन पोहोचते, आणि तेवढी जागा आपली वाटायला लागते. शिवाय भिंतीवरचा दिवा जमीन अडवत नाही, टेबल अडवत नाही. लहान खोलीत ही काही थोडी गोष्ट नाही.

[दृश्य : मेणबत्तीची ज्योत, तिच्यामागे झिजलेला आरसा.]

या दिव्यांचा जन्मच मुळी उजेडाच्या टंचाईत झाला. ल्युमेन म्हणजे उजेड मोजायचं माप. एका मेणबत्तीचा प्रकाश जेमतेम बारा ल्युमेन, आणि आजचा साधा घरगुती एलईडी बल्ब सहज आठशे ल्युमेन देतो. तेवढ्याशा उजेडाचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून कारागीर ज्योतीमागे चकचकीत पत्रा बसवत. सतराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत पत्र्याच्या जागी आरसा आला आणि एका ज्योतीच्या दोन दिसू लागल्या. आज भिंतीवरच्या जुन्या दिव्यामागे आरशाची पाटी दिसते, तिला आपण शोभा समजतो. मुळात ती काटकसर होती.

पुढे १७९२ मध्ये विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या रेडरुथ गावी आपल्या घरात दगडी कोळशाच्या गॅसवर दिवे लावले. मग गॅसची नळी भिंतीतून बाहेर आली, वळली आणि तिच्या टोकाला ज्योत बसली. ज्योत वरच जाणार, त्यामुळे गॅसच्या दिव्यांचे हात वर वळलेले असतात. नळीची सावली खाली पडायची. दिव्याखाली अंधार हा शब्दशः खरा होता. विजेचा बल्ब आला आणि दिव्याला पहिल्यांदाच मान खाली घालता आली. मधल्या काळात, विजेवर पुरता भरवसा बसण्याआधी, दोन्हींची सोय असलेले दिवे बनले. एक हात वर, गॅससाठी. दुसरा खाली, बल्बसाठी. असा एखादा हाती लागला तर जपा. लोकांच्या मनातली चलबिचल इतकी स्पष्ट दाखवणारी वस्तू घरात क्वचितच असते.

मात्र दिवा मूळचा गॅसचा की विजेचा हे ओळखताना नुसत्या हाताच्या दिशेवर विसंबू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॅसच्या उलट्या बत्त्याही निघाल्या होत्या. गॅसच्या दिव्याची खात्रीची खूण म्हणजे नळीवरची, गॅस सोडायची आणि बंद करायची छोटी चावी.

[दृश्य : टेबलावर उलटा ठेवलेला दिवा. स्क्रू ड्रायव्हरने मागची चकती निघते.]

आता हा दिवा जवळून बघू. भिंतीला टेकणारी चकती काढली की आत कापडाचं वेष्टण असलेल्या दोन वायरी दिसतात. कापड शाबूत आहे. पण बोटाने जरा वाकवताच आतलं रबर बिस्किटासारखं तुटतं आणि तांबं उघडं पडतं. बाहेरून दिवा अगदी ठणठणीत दिसत होता, आणि नेमका याच अवस्थेत तो भिंतीवर लावला जातो. तसं करू नका. वायर नवी, होल्डर नवा, आणि पितळेच्या अंगाला अर्थिंग, एवढं जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतल्याशिवाय जुना धातूचा दिवा भिंतीला लावायचा नाही. त्याला चावीही दाखवा. या नळीतून आता वायर जाते. चावी फिरली तर तिच्या आतला खुंट वायरीला कापू शकतो, म्हणून ती आतून पक्की बसवावी लागते.

पितळ की पितळेचा मुलामा? चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला तरी लगेच खूश होऊ नका, कारण जस्ताच्या ओतीव दिव्यांनाही चुंबक चिकटत नाही. मागच्या बाजूला, दिसणार नाही असा बारीक ओरखडा बघा. पिवळा असेल तर पितळ, राखाडी असेल तर जस्त. जस्ताचा दिवाही सुंदर असू शकतो, फक्त त्याचे हात जपून वळवावे लागतात, ते मोडतात.

आणि घासूनपुसून नव्यासारखा करायचा मोह आवरा. खाचांमध्ये साचलेला काळसरपणा आहे म्हणून तर नक्षी उठून दिसते. मऊ कोरडं फडकं पुरे.

[दृश्य : तोच दिवा, दोन वेगवेगळ्या बल्बांसह.]

सगळ्यात जास्त चूक होते ती बल्बमध्ये. विजेच्या सुरुवातीच्या काळात घरगुती बल्बची ताकद बहुधा सोळा मेणबत्त्यांइतकी असे, म्हणजे सुमारे दोनशे ल्युमेन. ही दुधी काच त्या उजेडासाठी फुंकलेली आहे. तिच्यात आठशे ल्युमेनचा पांढरा बल्ब घातला की काचेवरची फुलं पुसली जातात, डोळे दिपतात आणि भिंतीवर एक पांढरा डाग उरतो. दोनशे ते अडीचशे ल्युमेन, उजेडाचा रंग २७०० केल्विन (बल्बच्या खोक्यावरचा हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळसर) किंवा त्याहून उबदार, आणि जमलं तर डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं बटण. लोकांना भीती वाटते की खोली अंधारी होईल. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, हे मोठ्या दिवाणखान्याचं दुखणं आहे. लहान खोलीत कुठेही बसलात तरी भिंत हाताच्या अंतरावर असते. मंद दिवा इथेच पुरतो.

लावायचा कुठे? जमिनीपासून दीड मीटर ते एक मीटर सत्तर सेंटिमीटर, ही नेहमीची उंची. पण टेपपेक्षा डोळ्यांचं ऐका. कुणाला तरी दिवा भिंतीवर धरून उभं करा आणि स्वतः पलंगावर, खुर्चीत, दारात जाऊन बघा. उघडा बल्ब कुठूनही डोळ्यांत जाता कामा नये. आरशाच्या दोन्ही बाजूंना एकेक लावला तर चेहऱ्यावर सावल्या पडत नाहीत. अरुंद बोळात फार पुढे आलेला दिवा खांद्याला लागतो, तिथे भिंतीला चिकटून बसणाराच घ्यावा. न्हाणीघरात जुना दिवा नको. तो ओलाव्यासाठी बनलेला नाही.

भिंतीचा रंग चमकणारा असेल तर दिव्याचं प्रतिबिंब तिथेच अडकून बसतं. मॅट रंगावर उजेड पसरतो. गिलाव्यातले उंचवटेही दिसू लागतात, आणि मला ते आवडतात.

एका लहान खोलीला असे दोन दिवे पुष्कळ झाले. कित्येकदा एकच.

[दृश्य : पुन्हा तीच खोली. कॅमेरा दिव्याच्या बुंध्याशी जातो.]

नवी वायर आत गेली आहे, अर्थिंग झालं आहे, काच पुन्हा जागेवर बसली आहे. गॅसची चावी काढून टाकता आली असती, ती तशीच ठेवली. आता ती फिरत नाही. नळीच्या रेषेत आहे, म्हणजे गॅसच्या काळात जशी दिवा लावताना असायची तशी. उघडी.