गुडघे दुखत असताना वजन कमी करायचे, तर उमेद आणायची कुठून?

नमस्कार.

गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला, एक्स-रे पाहून झाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळते: ‘आधी वजन कमी करा.’ सल्ला योग्य आहे आणि तो आपल्या भल्यासाठीच दिलेला असतो. पण ज्याला घरापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते, त्याने ते करायचे कसे, आणि त्याच्याही आधी, ते करावेसे वाटण्याची उमेद आणायची कुठून, हा प्रश्न त्या धावपळीच्या भेटीत तसाच राहून जातो. आज आपण त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहोत.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. कंबर, मान, सांधे, नसा अशी तिची अनेक ठिकाणे आहेत. मी मुख्यतः गुडघ्यांच्या झिजेबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल बोलणार आहे, कारण वजन आणि वेदना यांच्या संबंधाचा बारकाईने अभ्यास झालेला आहे तो तिथे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. जुने दुखणे असलेल्या माणसाला ‘इच्छाशक्तीच नाही’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सोमवारपासून चालायचे ठरते. पहिल्याच दिवशी उत्साहाच्या भरात मैदानाला चार फेऱ्या होतात. रात्री गुडघा सुजतो, शेक घेऊनही डोळा लागत नाही, मंगळवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि बुधवारी चालण्याचे बूट पलंगाखाली जातात. काही आठवड्यांनी जरा बरे वाटू लागले की पुन्हा मैदान, पुन्हा सूज. प्रत्येक प्रयत्नाबद्दल शिक्षा आणि प्रत्येक माघारीबद्दल आराम मिळत असेल, तर पुढच्या प्रयत्नाला मन नकारच देणार. त्याला आळस म्हणता येत नाही, कारण अनुभवातून शिकणारे कोणतेही मन तसेच वागेल. अमेरिकेतील सिॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणारे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७०च्या दशकात हाच विचार मांडला होता: दुखेपर्यंत काम करायचे आणि दुखले की आडवे व्हायचे, असे चालू राहिले तर विश्रांती हे वेदनेचे बक्षीस ठरते आणि माणूस हळूहळू सगळ्याच हालचालींपासून दूर जातो. म्हणून उमेद येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, प्रयत्नाला शिक्षा मिळणार नाही अशी मांडणी आधी करावी लागते.

शिवाय वजन वाढण्यात आपल्या हाती नसलेल्या गोष्टींचाही वाटा असतो. वेदनेमुळे झोप मोडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूकही वाढते आणि वेदनाही अधिक जाणवते. नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रिगाबॅलिन, वेदना आणि झोप या दोन्हींसाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, या औषधांनी अनेकांचे वजन वाढते. आपली औषधे सुरू झाल्यानंतरच वजन चढू लागले असेल, तर ते डॉक्टरांना तारखांसह सांगावे आणि पर्याय विचारावा. ही औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद मात्र करू नयेत, त्यातून निराळा त्रास उद्भवू शकतो.

आता या खटाटोपातून मिळते काय, ते पाहू. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठातील स्टीफन मेसियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, शरीराचे वजन १ किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. म्हणजे ५ किलो उतरले, तर गुडघ्याला दर पावलाला सुमारे २० किलोंची सूट मिळते. त्याच गटाने पुढे ४५४ जणांवर दीड वर्षाचा मोठा प्रयोग केला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. सहभागी लोक ५५ वर्षांपुढचे, वजन जास्त असलेले आणि गुडघेदुखीचे रुग्ण होते. केवळ व्यायाम केलेल्यांचे वजन सरासरी १.८ किलो उतरले, केवळ आहार बदललेल्यांचे ८.९ किलो आणि दोन्ही केलेल्यांचे १०.६ किलो. वेदना सर्वांत कमी राहिली ती दोन्ही केलेल्यांची.

हे आकडे मला फार दिलासा देणारे वाटतात, कारण आपली सर्वांत मोठी धास्ती ‘चालताच येत नाही, मग वजन कसे उतरणार’ ही असते. वजन उतरवण्याचे काम मुख्यतः ताट करते आणि ताटापुढे बसायला गुडघ्यांची परवानगी लागत नाही. व्यायाम हवाच, परंतु तो सांध्याला आधार मिळावा आणि वेदना कमी व्हावी यासाठी. व्यायामावरचे वजन उतरवण्याचे ओझे काढून घेतले, की तो थोडा आणि सावकाश करण्याची मोकळीक मिळते. चरबीच्या पेशी शरीरात दाह वाढवणारी द्रव्येही सोडतात. ज्यांच्यावर शरीराचा भार येत नाही त्या हाताच्या बोटांच्या सांध्यांची झीजही स्थूल व्यक्तींमध्ये अधिक आढळते, त्यामागचे एक कारण हे मानले जाते.

मात्र भार कमी होतो हे कळल्याने सकाळी उठावेसे वाटतेच असे नाही. त्यासाठी कारण स्वतःचे असावे लागते. विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेल्या समुपदेशनाच्या पद्धतीत एक साधा प्रश्न विचारला जातो: वजन कमी करणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते, ० ते १० पैकी एक आकडा सांगा. समजा, उत्तर ३ आले. आपल्याकडे घरातले लोक लगेच विचारतील, ‘तीनच का?’ आणि समोरचा माणूस आपल्या अडचणींची यादी सांगू लागेल. या पद्धतीत विचारतात, ‘३ का, १ का नाही?’ याचे उत्तर देताना माणूस स्वतःच्या तोंडून स्वतःचे कारण सांगतो.

साताऱ्याला राहणाऱ्या माझ्या मावशीला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘मला माझी भाजी मंडईत जाऊन स्वतः निवडायची आहे. तुझे काका मेथी आणतात ती जून असते, पण मला बोलता येत नाही, कारण ते माझ्यासाठी एवढ्या लांब गेलेले असतात.’ मधुमेह, रक्तदाब, लग्नातले फोटो, यांपैकी काहीही त्या उत्तरात नव्हते. मग आम्ही मंडईचा रस्ता डोळ्यांसमोर आणला. वाटेत बसता येईल अशा जागा कोणत्या, तर पतपेढीची पायरी, औषधांच्या दुकानासमोरचा बाक आणि मारुतीच्या देवळाचा कट्टा. पहिले काही दिवस फक्त पायरीपर्यंत जायचे, तिथे बसायचे आणि परत यायचे, मग बरे वाटत असले तरी पुढे जायचे नाही. वजनकाटा अडून बसला त्या आठवड्यांतही पायरी मागे पडून बाक आला होता, आणि तिचा हुरूप त्या बाकाने टिकवला. वजन पाहूच नये असे मी म्हणत नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. पण दुखण्यामुळे आपल्या हातून जी गोष्ट निसटली, तिच्याकडे आपण किती सरकलो, हे मोजमाप त्याच्या शेजारी हवे. कोणाला मांडी घालून पूजेला बसायचे असेल, कोणाला लोकलचा पूल न थांबता चढायचा असेल. हे कारण दुसऱ्याने सुचवून चालत नाही.

ताटाकडे येऊ. दिवसाला ४ कप चहा आणि प्रत्येकात २ चमचे साखर असेल, तर ती सुमारे ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी होतात. फोडणीतले एक मोठा चमचा तेल जवळजवळ १२० कॅलरींचे असते, आणि आपल्याकडे ते बहुतेक घरी अंदाजाने, बुधलीतून थेट कढईत पडते. महिन्याचे तेल किती लागते ते एकदा मोजून पाहावे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, दाण्याचे कूट आणि तूप यांची खिचडी पोटभर खाल्ली, तर त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच खाणे होऊ शकते. पण नुसते कमी खाऊन भागत नाही. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतात, आणि मांडीचा पुढचा स्नायू हा तर गुडघ्याचा मुख्य आधार. म्हणून मटकीची किंवा मुगाची उसळ, पिठले, घट्ट वरण, ताक, चालत असेल त्यांना अंडी आणि मासे, यांतले काहीतरी दोन्ही जेवणांत असावे. केवळ फळांवर किंवा केवळ काकडी-टोमॅटोवर राहण्याचे प्रयोग दुखणाऱ्या माणसाने तर मुळीच करू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

यात एक अडचण आहे, जिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पुष्कळ घरांत जिचे गुडघे दुखतात, तीच घरचा स्वयंपाक करते. ओट्याशी तासभर उभे राहणे तिला झेपत नाही, आणि ज्या दिवशी वेदना जास्त, त्या दिवशी फरसाण, बिस्किटे आणि वडापाव यांवर वेळ निभावली जाते. तेव्हा ओट्याजवळ एक उंच स्टूल ठेवणे, भाजी बसून चिरणे, कडधान्याला मोड आणून दोन-तीन दिवसांपुरते फ्रिजमध्ये ठेवणे आणि पोळ्या लाटण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी शिकून घेणे, हे सगळे वजन उतरवण्याच्या योजनेचेच भाग आहेत. घरच्यांना मदत करायची असेल, तर ‘आज चाललीस का’ असे रोज विचारण्यापेक्षा लाटणे हाती घेतलेले अधिक उपयोगी पडेल.

हालचालीचा नियम असा, की ती वेदनेवर ठरवू नये, घड्याळावर ठरवावी. आपण त्रास न वाढता किती मिनिटे चालू शकतो ते तीन-चार दिवस पाहावे आणि त्याहून थोडे कमी ठरवून तिथून सुरुवात करावी. बरे वाटले म्हणून ती वेळ ओलांडू नये. दर आठवड्याला एखादे मिनिट वाढवले तरी पुरे. मग दुखले तर काय? डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ या गुडघे आणि खुब्यांच्या व्यायामाच्या कार्यक्रमात एक उपयोगी मोजपट्टी वापरतात. ० ते १० पैकी ५ पर्यंतची वेदना व्यायाम करताना चालते, मात्र ती २४ तासांच्या आत पूर्ववत व्हायला हवी. तसे झाले नाही, तर दुसऱ्या वेळी प्रमाण कमी करायचे. थोडे दुखले म्हणजे सांध्याचे नुकसान झाले, हा समज त्यामुळे मागे हटतो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, ५ सेकंद तसाच धरायचा, सावकाश खाली आणायचा, असे दोन्ही पायांनी प्रत्येकी १० वेळा करता येते. जवळ तरणतलाव असेल, तर कंबरभर पाण्यात चालावे, कारण तिथे पायांवर शरीराचा जवळपास निम्माच भार येतो.

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांविषयी थोडक्यात सांगते. सेमाग्लुटाइड हे औषध स्थूलता आणि गुडघ्यांची झीज असलेल्यांना ६८ आठवडे देऊन केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरले, औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे ३.२ टक्क्यांनी, आणि वेदनेतही स्पष्ट फरक पडला. ही औषधे भारतातही मिळतात, पण ती तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात, आणि थांबवल्यावर वजन बहुधा परत चढू लागते. ज्याला ती लागतात त्याने घेण्यात कमीपणा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला वाईट दिवसांचा प्रश्न, आणि ते येणारच. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ची रीत इथे कामी येते. निर्णय वेदनेच्या भरात घ्यायचा नाही, तो चांगल्या दिवशी आधीच लिहून फ्रिजवर चिकटवायचा: ‘जर सकाळी गुडघा सुजलेला असेल, तर मी आज चालायला जाणार नाही, खुर्चीत बसून ५ मिनिटे हातांच्या आणि खांद्यांच्या हालचाली करीन आणि जेवण रोजचेच ठेवीन.’ सांधा लाल, गरम झाला आणि अंगात ताप असला, किंवा एकाएकी त्या पायावर भारच देता येईना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. साधी सूज असेल, तर ती उतरल्यावर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा सुरुवात करावी: १२ मिनिटे चालत असाल तर ६, आणि तेवढे दोन-तीन दिवस निभले की ७.