बोरिवली?

नमस्कार, श्रोतेहो.

संध्याकाळची विरार फास्ट चर्चगेटला लागते, तेव्हा तिच्यावर तुटून पडणारी गर्दी बघून नवखा माणूस हबकतो. शिस्त नावाची चीज या शहरात नाहीच, असं त्याला वाटतं. गाडी सुटू द्या, मग बघा. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. "जरा सरका" म्हटलं की सरकायचं, हे रेल्वेने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. बॅगा हातोहात रॅकवर पोचतात. अंधेरी गेली की मागून खांद्यावर बोट टेकतं, "बोरिवली?" पुढच्याने मान डोलावली तर त्याच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाला तर अंग चोरून जागांची अदलाबदल. पाय ठेवायला जागा नसलेल्या डब्यात उतरणाऱ्यांची रांग लागते आणि ती लावणारा कुणीच नसतो.

आता हे सगळं गोडच आहे, असं समजू नका. याच डब्यात "बोरिवलीला उतरायचं तर विरार गाडीत चढलासच कशाला?" म्हणून दारात वाट अडवणारेही असतात. आपापसातल्या शिस्तीची दांडगाई व्हायला वेळ लागत नाही, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही.

तरीही २६ जुलै २००५ला हीच आपापसातली शिस्त कामी आली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. लोकल जागच्या जागी थांबल्या, वेळापत्रकाला काही अर्थच उरला नाही. कमरेएवढ्या पाण्यातून अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून, उघड्या मॅनहोलचा अंदाज घेत घरी निघाली. वाटेवरच्या वस्त्यांनी त्यांना चहा-बिस्किटं दिली, रात्रीपुरता आसरा दिला.

पुढे 'मुंबईचं स्पिरिट' म्हणून त्याचे जे पोवाडे गायले गेले, ते मात्र मला कधी पटले नाहीत. त्या दिवशीचा गोंधळ काही सगळाच आभाळातून पडला नव्हता. मिठी नदीचं पात्र भराव घालून आवळत आणलं होतं. शहरातली जुनी पावसाळी गटारं तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता दुप्पट करायला सांगणारा, पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ सालीच तयार होता. त्यातलं बरंचसं काम पुढची १२ वर्षं फायलीतच राहिलं, अगदी व्यवस्थित लावून ठेवलेलं.