१ जूनवाले

(पहाट. तुर्भे, कांदा-बटाटा मार्केट. ट्रकचा फाळका पडतो, त्याचा आवाज राहू द्यायचा.)

पहाटे चारला तुर्भ्याच्या मार्केटात नाशिककडच्या, जुन्नरकडच्या गाड्या लागलेल्या असतात. फाळका पडला की टोळी भिडते. गोणी पाठीवर घ्यायची, फळीवरून खाली यायचं, गाळ्यात थप्पी लावायची, परत गाडीकडे. चहा मधे उभ्याउभ्याच होतो.

निळा शर्ट, डोक्याला टॉवेल, हे आपले दादा. मूळचे जावळी खोऱ्यातले, आता घणसोलीत भाड्याने राहतात. हा व्हिडिओ त्यांच्या कर्जाच्या रेकॉर्डबद्दल आहे. नाव सांगायचं नाही असं ठरलंय कारण पुढे बँकेचे कागद दिसणारेत. आणि त्यांच्या नावाची याच मार्केटात अजून तीन माणसं आहेत असं ते स्वतःच सांगतात, आडनावासकट. हे तेवढं लक्षात असू द्या.

(मुकादम वहीत हजेरी लिहितायत. बोट, पेन, वही.)

ही हजेरीची वही. माथाडी कायदा १९६९ चा, अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला, आणि त्याच्यामुळे मजुरी व्यापारी हातावर टेकवत नाही, ती माथाडी बोर्डात जमा होते, बोर्डातून खात्यात येते, पीएफ वगैरे त्याच्यातूनच. म्हणजे पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाकडे वर्षानुवर्षांचं बँक स्टेटमेंट असतं. दादांकडेही आहे, चौदा वर्षांचं, एका पिशवीत, महिन्यांप्रमाणे लावलेलं.

(घणसोलीची खोली. खिळ्याला हूक लटकवलेला, खाली तीच पिशवी.)

खिळ्याला लटकलाय तो गोणीला लावायचा हूक. कामावरून आले की पहिल्यांदा तो जागेवर जातो. त्याच्याखाली पिशवी. तिच्यात सगळं आहे, रेशनकार्ड, पोरीच्या मार्कशीट, भाड्याचे करार, आणि गेल्या वर्षी आलेलं एक पत्र. घणसोलीतच एक वन आरके बघितलेलं होतं, टोकन दिलेलं होतं, बँकेने कर्ज नाकारलं आणि ती खोली गेली, टोकनमधले पन्नास हजार गेले ते गेलेच.

पत्रात कारण एका ओळीत होतं. क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आजवर कर्ज घेतलं-फेडलं त्याची नोंद, समाधानकारक नाही.

दादा म्हणतात, "आवं मी कुणाचं पाच रुपयं बुडवलं न्हाईत. मंग ही हिस्टरी कुणाची?"

प्रश्न अगदी बरोबर होता. हिस्टरी दुसऱ्याचीच होती.

(जमिनीवर वर्तमानपत्र, त्यावर रिपोर्टची पानं पसरलेली. मुलगी स्केचपेन घेऊन बसलीय.)

मुलगी अकरावीला आहे. या हिस्टरीचा रिपोर्ट इंग्रजीत, म्हणून ती वाचते आणि पप्पांना सांगते. आम्ही शूटिंगला गेलो त्या दिवशी तिने ही पानं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितली, आणि खरं सांगतो, आमच्या टीममधल्या पदवीधर माणसांनीसुद्धा आपला रिपोर्ट असा कधी वाचला नव्हता.

आधी हे कळलं पाहिजे की सगळे ज्याला 'सिबिल' म्हणतात ती एका कंपनीची गोष्ट आहे. सिबिल २००० साली स्थापन झाली, आता ट्रान्सयुनियन सिबिल, आणि तिच्यासारख्या अजून तीन आहेत, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या कायद्याखाली चालतात, वर रिझर्व्ह बँक. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या कर्जदारांची माहिती या चौघींकडे पाठवत असतात, आधी महिन्याला पाठवायचे, १ जानेवारी २०२५ ला ते पंधरा दिवसांवर आलं. त्या माहितीवरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो, तो स्कोअर. आणि हा रिपोर्ट, स्कोअरसकट पूर्ण, वर्षातून एकदा प्रत्येक कंपनीने आपल्याला फुकट द्यायचा, हा नियम २०१७ पासून आहे. चार कंपन्या, वर्षाला चार रिपोर्ट, एक पैसा न देता. दादांनी आयुष्यात पहिला रिपोर्ट बघितला तो घर हातचं गेल्यावर.

(स्केचपेन कागदावर. जवळून.)

आता चौकोन बघा. प्रत्येक कर्जाखाली असे छोटे चौकोन असतात, एका महिन्याला एक. शून्य शून्य शून्य लिहिलंय म्हणजे हप्ता वेळेवर. तीस असेल तर तीस दिवस उशीर, साठ तर साठ. नव्वदच्या पुढे गेलं की बँकेच्या भाषेत खातं थकीत.

पहिलं पान, फ्रीज. २०१९ ला हप्त्यावर घेतला, दहा हप्ते, दहाही चौकोनात शून्य. तिने हिरवा पट्टा मारलाय. दुसरं, पोरीसाठी लॉकडाऊनमध्ये घेतलेला मोबाईल, सगळी शून्यं, हिरवा. तिसरं पान लाल आहे. दुचाकीचं कर्ज, २०२१, चौऱ्याहत्तर हजार. पहिले चार महिने शून्य, मग तीस, साठ, नव्वद, एकशेवीस, आणि पुढे आकडे वाढतच गेलेत.

दादांना स्कूटर चालवता येत नाही. लायसन्सच नाही.

(जन्मतारखेच्या रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

आणि हा रकाना. जन्मतारीख, १ जून.

आपल्याकडे हे कुणाला सांगायला नको. गावाकडच्या शाळेत पोराला घालायला नेलं की आईबापाला तारीख माहीत नसायची, फार तर पूर आला त्या साली किंवा अमक्याच्या लग्नानंतर, आणि गुरुजी वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचे वाढदिवस असे एका दिवशी आलेत. मार्केटात आम्ही दादांच्या टोळीला विचारलं, अकरा जणांत पाच जण १ जून.

(टोळी, गोण्यांवर बसलेली. हात वर करतायत, हसतायत.)

हेच ते पाच हात.

आता नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच, जिल्हाही तोच. माहिती आली की ती कुठल्या माणसाच्या खात्यात टाकायची हे नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाईल असं जुळवून ठरतं. दुचाकीच्या त्या कर्जात पॅन नंबर भरलेलाच नव्हता, मतदार कार्डावर कर्ज दिलेलं. राहिलं नाव आणि १ जून. तेवढ्यावर कुणा दुसऱ्याची थकबाकी दादांच्या नावावर येऊन बसली. पत्त्यांच्या यादीत बघा, शहापूरचा एक पत्ता आहे, दादा तिथे कधी राहिले नाहीत. ही दुसरी खूण, आणि पोरीने ती स्वतः शोधून काढली.

(कोपरखैरणे स्टेशनबाहेरचा खांब, चिकटवलेली पत्रकं.)

स्टेशनबाहेर ही पत्रकं सगळीकडे आहेत, सिबिल खराब? हमखास लोन. दादांनी यातल्या एकाला फोन केला होता. पंधरा हजार मागितले, वर रिपोर्ट बघायच्या आधीच चार ठिकाणी अर्ज टाकून दिले. कर्जासाठी बँकेने रिपोर्ट उघडला की त्याची नोंद राहते, आठवड्यात चार नोंदी दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं माणूस अडचणीत आहे. आपण स्वतः आपला रिपोर्ट बघितला तर स्कोअरला काही होत नाही, तरी स्वतः बघू नका कमी होतो, असंच दादांना सांगण्यात आलं होतं. हे पत्रकवाले खरी नोंद पुसू शकत नाहीत आणि चुकीची नोंद सुधारायला त्यांची गरज नाही, तो अर्ज फुकट असतो. हे आम्ही व्हिडिओत दोनदा टाकणारोत.

(मोबाईलची स्क्रीन. मुलीचा अंगठा.)

अर्ज असा. क्रेडिट कंपनीच्या साइटवर आपल्या नावाने लॉगिन, रिपोर्ट उघडायचा, चुकीचं खातं निवडायचं आणि 'हे खातं माझं नाही' हा पर्याय. पत्ता चुकीचा असेल तर तो वेगळा निवडायचा. कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याला उत्तराला एकवीस दिवस, सगळं मिळून तीस दिवस. तीस दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला अर्जदाराला १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शंभर रुपये छोटी रक्कम वाटेल पण दिवस मोजले जातायत हे महत्त्वाचं.

(भिंतीवर कालनिर्णय. तारखांवर पेनाने १, २, ३ असे आकडे.)

म्हणून ताईंनी, दादांच्या बायकोने, दिवस मोजले. संकष्टी, अमावस्या, दुधाचा हिशोब आणि त्याच्या बाजूला हे निळे आकडे. एकोणिसाव्या दिवशी मेसेज आला, फायनान्स कंपनी म्हणते माहिती बरोबर आहे, बदल होणार नाही.

इथे बहुतेक लोक सोडून देतात. हे अर्धवट उत्तर आहे, आणि पुढचं पाऊल कुणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश सांगतोय. ज्यांनी कर्ज दिलंय त्यांच्याकडे स्वतः लेखी जायचं, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने पत्र द्यायचं, पोच घ्यायची. पत्रात 'माझं नाही हो' एवढंच लिहून भागत नाही, मागायचं. त्या कर्जाच्या कराराची प्रत दाखवा, त्यावरचा फोटो दाखवा, सही दाखवा, ओळखपत्र कुठलं घेतलं ते दाखवा. सोबत आपलं पॅन, आधार, सहीचा नमुना.

(पत्र. मराठीत, मुलीच्या अक्षरात. खाली दादांची सही.)

हेच ते पत्र, पोरीने लिहिलेलं. ठाण्याच्या ब्रँचमध्ये दादा आणि ताई खाडा करून गेले. आत कॅमेरा न्यायला परवानगी नव्हती. फाईल निघाली, फोटो वेगळ्याच माणसाचा होता.

मग तिथून चूक कबूल केल्याचं पत्र मिळालं, ते जोडून दुसरा अर्ज, कालनिर्णयवर परत १ पासून आकडे. अजूनही नकार आला असता तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, या क्रेडिट कंपन्यासुद्धा आता त्याच्याखाली येतात, माहितीसाठी १४४४८ नंबर आहे. गरज पडली नाही. बाराव्या दिवशी लाल पान गेलं. मग बाकीच्या तीन कंपन्यांचे रिपोर्ट काढले, एकात अजून तेच खातं होतं, तिथे वेगळा अर्ज, कारण एकीकडे सुधारलं म्हणून चारही ठिकाणी आपोआप सुधारलंच असेल असं धरून चालू नका.

(ताई पोळ्या लाटतायत. बाजूला भिशीची वही.)

ताईंचं वेगळंच. त्यांचा रिपोर्ट काढला तर रिकामा. कधी कर्जच घेतलं नाही, म्हणून हिस्टरीच नाही. अकरा वर्षं गल्लीतली भिशी चालवतात, वीस बायका, एक महिना चुकलेला नाही, ही वही बघा, पण भिशी कुठल्याच रिपोर्टात येत नाही. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नुसती हिस्टरी नाही म्हणून फेटाळू नये, असं सरकारने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात लोकसभेत सांगितलंय. तरी काउंटरवर 'तुमचं सिबिल नाही' हे ऐकावं लागतं. ताईंनी मग ते उत्तर छापून पिशवीत ठेवलं आणि सहअर्जदार म्हणून त्यांचं नाव लागलंच.

स्कोअर सुधारला की व्याजाचा दर बदलतो, हा हिशोब पोरीने वहीच्या मागच्या पानावर केलाय. १८ लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्याने हप्ता साधारण १५,६२० रुपये, साडेनऊने १६,७८०. फरक महिन्याला अकराशे साठच्या आसपास, वीस वर्षांत पावणेतीन लाखांवर.

(मेट्रो, बेलापूर ते पेंधर. खिडकीतून खारघर–तळोज्याकडचे डोंगर, बांधकामं.)

तळोज्यात घर मिळालं, पेंधर स्टेशनपासून चालत. मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली म्हणून इथून मार्केट गाठता येतं, पहाटेच्या पाळीला मात्र रात्री मार्केटातच झोपावं लागणार. घणसोली सुटली, पोरीचं कॉलेज लांब पडलं.

(मार्केट. गोण्यांवर टोळी, मधे मुलगी, सगळ्यांच्या हातात मोबाईल.)

आणि हे गेल्या रविवारचं. दादांची टोळी, बोर्डाने दिलेलं ओळखपत्र खिशात, पॅन कार्ड हातात. पोरगी एकेकाचा रिपोर्ट काढून देतेय. त्या पाच १ जूनवाल्यांपैकी एकाच्या रिपोर्टात कुणाचं तरी गोल्ड लोन निघालं. दुसऱ्या एका काकांनी मेहुण्याच्या टेम्पोला जामीन म्हणून सही केलेली, ते कर्ज त्यांच्याही रिपोर्टात दिसतंय, हप्ते तुंबलेत, आणि मेहुण्याने घरात एक शब्द काढलेला नाही. तिसऱ्याचं क्रेडिट कार्ड, वसुलीवाल्याने अर्ध्यात मिटवलं तेव्हा विषय संपला म्हणाला होता, इथे 'सेटल्ड' लिहिलंय, म्हणजे पूर्ण फेडलेलं नाही असाच अर्थ बँक घेते. उरलेली रक्कम भरून नो ड्यूज, म्हणजे बाकी नसल्याचं पत्र, घेतल्याशिवाय ते 'क्लोज्ड' होत नाही.

काका फोनवर मेहुण्याशी बोलतायत, आवाज म्यूट ठेवलाय. पुढचा नंबर मुकादमांचा. चष्मा शोधून झालाय, ओटीपी यायचाय.